जपानची सावड

जपानला जायचं असेल तर आधी निमगाव सावाहून पश्चिमेला जावं. जपान पूर्वेला आहे हे मला ठाऊक आहे. मी भूगोलाची बाई आहे आणि निम्म्या तालुक्याकडून मी ते घोकून घेतलं आहे. तरीही सांगते, रस्ता पश्चिमेकडूनच जातो. नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव, शिनोली, मग धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर. जिथं मोबाइलची रेंज संपते आणि ढग गुडघ्याला लागतात तिथं उतरायचं. तिथून जपान अगदी हाकेवर. मी जाऊन आले आहे. तुम्ही गेला नाहीत, म्हणून लिहायला बसले.

निमगाव सावा

माझी निवड कशी झाली याच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ कथा आहेत. खरी फक्त मी सांगते ती. आम्ही डबे उघडून बसलो होतो. हेडसर आले आणि म्हणाले, पुण्याच्या एका संस्थेमार्फत जपानच्या डोंगरातल्या एका शाळेची मुलं जुलैत येणार आहेत, सेवा करायला. आंबेगावच्या पश्चिमेला एका वाडीत राहतील, लोकांच्या शेतात भाताची लावणी करतील. बदल्यात पुढच्या मे महिन्यात आपल्या भागातल्या दोन मुली आणि सोबत एक बाई तिकडे जातील. सगळा खर्च संस्थेचा. "कुणाला जपानी येतं का?"

"येतं की," मी म्हणाले. तोंडात मासवडी होती, त्यामुळे जास्त खुलासा करता आला नाही.

मला तीन शब्द येत होते: नमस्कार, आभार आणि माफ करा. पण आमच्या सासूबाईंनी अख्खा संसार याहून कमी शब्दांत केला. मला आठवडा काढायला काय हरकत होती?

दोन मुलींपैकी एक आमच्याच शाळेची तनुजा. तिच्या वडिलांनी त्याच संध्याकाळी पेढे वाटले आणि चाकांची बॅग आणली. दुसरी साक्षी. शिनोलीकडच्या शाळेत नववीत, वसतिगृहात राहणारी, आणि पाहुणे उतरणार होते त्याच वाडीची. पोरगी हुशार, मुलाखतीत पहिली आलेली. अडचण एकच होती. तिच्या आईचा होकार नव्हता.

"तो तुम्ही आणायचा," हेडसर म्हणाले. "पाहुणे परत निघायच्या आत. नाहीतर साक्षीची जागा दुसऱ्या तालुक्याला जाणार."

"सर, समजा मिळालाच म्हणून," मी म्हणाले. निम्म्या तालुक्याला अक्षांश-रेखांश समजावणाऱ्या बाईला एका आईला समजावणं काय अवघड?

जुन्नर

पाहुणे आले. चार मुलं आणि त्यांच्या आओकीबाई. आओकीबाईंचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं निघालं, त्यामुळे आमचं पहिल्या मिनिटापासून जमलं. चांगलं इंग्रजी बोलणारी माणसं मध्ये आली की आमचा दोघींचा गोंधळ व्हायचा.

जुन्नरात सत्कार झाला. फेटे बांधले. भाषणं एवढी लांबली की फेट्यांचा रंग उतरला. नंतर मी त्यांना बाजारपेठ दाखवायला नेलं. एका गल्लीच्या तोंडाशी पाचही जण ओळीत थांबले. काय झालं? तर गाड्या थांबल्या की रस्ता ओलांडू, म्हणाले. जुन्नरच्या बाजारात! मी मध्ये उतरले नसते तर ती मुलं आज तिथंच लहानाची मोठी झाली असती, आणि त्यांच्या अंगावर कुणीतरी कापडाचं दुकान टाकलं असतं. मी हात वर केला, दोन मोटरसायकली, एक टेम्पो आणि एक एसटी जागच्या जागी थिजवली, आणि पाहुण्यांना पलीकडे नेलं. एसटीच्या ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "काय मॅडम, मिरवणूक हाय का?" मी म्हणाले, "हाय. जपानची."

चौघांमधली हारुका नावाची मुलगी सगळ्यांत धीट. डोळ्यांवर मोठा चष्मा आणि सतत प्रश्न. इथं बिबट्या असतो का, तिनं विचारलं. मी म्हणाले, आमच्या उसात तो सहकुटुंब असतो. फक्त रेशनकार्ड तेवढं अजून मिळालेलं नाही. आओकीबाईंनी हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा मुलांनी गंभीरपणे माना हलवल्या. अशा श्रोत्यांसाठी मी आयुष्यभर थांबले होते.

शिनोलीच्या पुढं

शिनोलीला चहा घेतला आणि साक्षी जीपमध्ये चढली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, बोलणं मोजकं. मी विचारलं, "आई काय म्हणते गं?"

"न्हाई म्हनती."

"तुला जायचंय ना?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पाऊस इतका होता की खिडकी आणि बाहेर यात फरक नव्हता. "लई," ती म्हणाली.

वाडीचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या रविवारी तुम्ही गाड्या घेऊन याल, धबधब्याखाली फोटो काढाल आणि वेफर्सची पाकिटं टाकाल. एवढं सांगते, की घाट चढताना जीप इतकी हळू चालली होती की एक गोगलगाय आम्हाला मागे टाकून गेली, आणि जाताना तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

तुम्हाला वाटेल निमगाव आणि ही वाडी एकाच जिल्ह्यात, फरक तो काय? आमच्याकडे कालव्याचं पाणी, कांदा, ऊस. पाऊस आला तर पाहुण्यासारखा चहापुरता टेकतो. इकडे पाऊस घरजावई. आमची भाकरी बाजरीची, यांची नाचणीची. आमच्याकडे बांध म्हणजे भांडणाची जागा. इकडे बांध म्हणजे चालायची वाट, कारण बाकी सगळीकडे पाणी. मी भूगोलात हे वीस वर्षं शिकवलं होतं. पाय चिखलात गेल्यावर पहिल्यांदा समजलं.

साक्षीची आई हौसाबाई. अंगानं काडी, आवाज तोफेचा. वाडीत भाताची रोपं लावण्यात तिचा हात पहिला. मी स्वतः पाहिलं आहे, ती पुढं सरकली की मागची रोपं उभी राहून शाळेतल्यासारखी रांग धरायची.

मी वेळ दवडला नाही. ओली साडी पिळता पिळता विषय काढला. "हौसाबाई, साक्षीला पाठवताय ना जपानला?"

"न्हाई."

"अहो, विमान फुकट आहे."

"म्हणूनशान न्हाई."

"राहणं फुकट. जेवण फुकट. पांघरूणसुद्धा त्यांचंच!"

हौसाबाईनं चुलीत लाकूड सरकवलं. "बाई, तुमी जितकं फुकट म्हनताय तितकं माजं मन मागं सरतंय. कोन कुनाला फुकटात इमानात बशिवतं? आन बशिवलं, तर आमी त्येंचं कोन लागतो? पोर जल्मभर मान खाली घालून ऱ्हाईल त्येंच्यापुढं."

मी गप्प बसले. मी गप्प बसते तेव्हा आमच्या घरात डॉक्टरला बोलावतात. पण मला आमचे आजोबा आठवले. धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीतले. त्यांना दोन गोष्टी वर्ज्य होत्या: दुसऱ्याच्या ओसरीखाली उभं राहून ओंजळीनं पाणी पिणं, आणि उपकार. शेजाऱ्यानं वाटीभर डाळ दिली तरी वाटी कधी रिकामी परत गेली नाही. हौसाबाईचं बोलणं त्यांच्याच तोंडातलं होतं. फक्त आता मी चुकीच्या बाजूला उभी होते.

खाचरात

दुसऱ्या दिवशी सेवा सुरू झाली, हौसाबाईच्याच शेतात. इकडे लावणीला आवणी म्हणतात. पाण्यानं भरलेल्या खाचरात वाकायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं दोन-दोन रोपं चिखलात रोवायची आणि मागं मागं सरकायचं. ऐकायला सोपं आहे. पाहुण्यांपैकी एका मुलाचा पाय रुतला. पाय बाहेर आला, बूट आला नाही. तो बूट अजून तिथंच आहे आणि एव्हाना त्याला लोंबी आली असेल. मीही उतरले. माझी ओळ इतकी सरळ होती की गावकरी बघायला आले. त्यांच्या मते ते हसायला आले होते, पण बघायला आले हे महत्त्वाचं.

दुपारी बांधावर बसून खेकड्याचा रस्सा आणि नाचणीची भाकरी खाल्ली. खेकडे इतके मोठे की एकाच्या नांगीला मी छत्री टांगली होती. हारुका म्हणाली, तिच्या गावालाही असे डोंगर, अशीच पायऱ्यापायऱ्यांची शेतं आहेत, आणि तिची आजी भात लावते.

संध्याकाळी हौसाबाईनं सहज विचारलं, "यांची आवनी कदी आसती?"

"मे महिन्यात," मी म्हणाले. आओकीबाईंनी सांगितलेलं होतं.

"आन रान कुटं?"

"जपानात! या की तुम्हीपण, हात लावायला!" आणि मी खो-खो हसले. एकटीच. हौसाबाई हसली नाही. ती तशीच उठली आणि शेजारच्या घरात गेली.

सकाळी आम्ही कोंडाजी मामांच्या खाचराकडे निघालो. हे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे. ते बांधावरच काठी आडवी धरून उभे होते. "पावनं, वाईट मानू नगा. आमच्या रानात नगा उतरू."

पुढच्या घरीही तेच. त्याच्या पुढच्याही. सेवा करायला माणसं साता समुद्रापलीकडून आली होती आणि अख्ख्या वाडीत सेवा करून घ्यायला कुणी तयार नव्हतं. पाहुणे शाळेच्या व्हरांड्यात रांगेत बसले. मी संस्थेचा विचार केला. काम झालं नाही तर कार्यक्रम गुंडाळणार, आणि मेमधल्या दोन्ही जागा जाणार. तनुजाच्या वडिलांचे पेढे तर पचूनसुद्धा गेले होते.

हौसाबाईला गाठलं. "हे काय चालवलंय तुम्ही?"

"तुमीच म्हनला न्हवं बाई, त्येंचं रान जपानात हाय? मंग आमी सावड फेडायची कशी?"

आणि मग वीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाईला चुलीसमोर बसवून त्या बाईनं सावड समजावली. इकडे आवणीला मजूर लावत नाहीत. आज तू माझ्या शेतात वाकलीस, उद्या मी तुझ्या. माणसामागं माणूस, दिसामागं दिस. पैसे द्यायचे नाहीत, आभार मानायचे नाहीत, वाकून फेडायचं. ज्याचं फेडता येणार नाही त्याचा हात आपल्या चिखलात घ्यायचा नाही.

आमच्याकडे कांदा लावायला टेम्पो भरून बाया येतात, उक्तं ठरतं, पैसे दिले की ओळख संपली. त्यामुळे हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण आजोबा असते तर त्यांनी हौसाबाईला बसल्या जागी जय भीम घातला असता. सावड बरोबरीच्या माणसाशी होते. या वाडीनं त्या पोरांना साहेब म्हणून नाकारलं नव्हतं. बरोबरीचं धरलं होतं, आणि बरोबरीनं फेडता येत नाही म्हणून हात जोडले होते.

एवढ्यात साक्षी धावत आली. "आये, ती चष्मेवाली रडतीया. तिला वाटतं त्येंनी वाकडं लावलं म्हनून वाडी रागावली. आपल्या खाचरात उतरलीया, एकलीच."

आम्ही बाहेर पडलो. धो धो पावसात हारुका हौसाबाईच्या शेतात वाकलेली. कालची आपली वाकडी ओळ एकेक रोप उपटून पुन्हा सरळ लावत होती. चष्म्यावर पाणी, दिसत काही नव्हतं, त्यामुळे नवी ओळ जुनीहून वाकडी होत होती.

हौसाबाई बांधावर उभी राहून बघत राहिली. मग खाली उतरली, पोरीच्या दंडाला धरून तिला घरात आणलं, डोकं पुसलं, आणि मला म्हणाली, "हिला इचारा, हिच्या घरी आवनीला कोन आसतं."

विचारलं. हारुकानं मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. डोंगराच्या पायऱ्या, पाण्यानं भरलेलं खाचर, आणि त्यात एक म्हातारी वाकलेली. कमरेत काटकोन. आजूबाजूला कुणी नाही.

"दुसऱ्या बाया कुटं गेल्या?" हौसाबाईनं विचारलं.

आओकीबाई सावकाश शब्द जुळवत सांगत गेल्या आणि मी सांगत गेले. त्यांच्या गावातही पूर्वी असंच होतं, एकमेकांच्या शेतात पाळीपाळीनं लावायचं. त्याला शब्दसुद्धा आहे: युई. तरुण माणसं शहरात गेली, म्हातारी माणसं राहिली. शब्द राहिला, हात राहिले नाहीत. फोटोतली आजी आता एकटी लावते, जमेल तेवढं.

"म्हंजी सावडच की," हौसाबाई म्हणाली. तिनं फोटो पुन्हा बघितला. मग जवळ धरून बघितला. मला वाटतं ती म्हातारीचा हात कसा पडतोय ते बघत होती. "हात चांगला हाय," ती म्हणाली. "पर एकलीच हाय."

साक्षी दाराला टेकून उभी होती. ती आईकडे बघत नव्हती. तिचं लक्ष चुलीवरच्या रश्शावर आहे असं ती दाखवत होती, आणि रस्सा केव्हाच उतरवलेला होता.

"मंग साक्षी जाईल," हौसाबाई म्हणाली. "सावडीला न्हाई म्हनता येत न्हाई."

मी उठून नाचणारच होते, पण छप्पर ठेंगणं होतं.

संध्याकाळी समाजमंदिरात वाडी जमली. कोंडाजी मामांनी शंका काढली. "ही पाच जनं. आपली पोर एकली. फिटायचं कसं?"

हौसाबाईनं पाहुण्यांकडे एक नजर टाकली, खाचरातल्या वाकड्या ओळी आठवल्या असाव्यात, आणि म्हणाली, "ही पाच मिळून एक बाय धरा."

वाडी हसून लोळली. आओकीबाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हणाले, "त्या म्हणतात, तुम्ही पाचही जण जणू एकच जीव आहात." आओकीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठून कमरेत वाकल्या. हौसाबाईला वाटलं, मान्य केलं. दोन देशांमधला करार इतक्या झटपट कुठल्याही मंत्र्यानं केलेला नसेल.

त्यानंतरचे दिवस मी काय सांगू? जी दारं बंद होती तिथून सकाळी हाका येऊ लागल्या. "जपानवालं, आज आमच्याकडं!" शेवटच्या दिवशी पाहुण्यांच्या ओळी अशा पडल्या की कोंडाजी मामांनी काठी टेकून कबूल केलं, आज दोन बाया धराव्या लागतील. निघताना हौसाबाईनं साक्षीला सगळ्यांसमोर बजावलं, "जितकं त्येंनी लावलं तितकं लावून यायचं. एक दिस कमी न्हाई, एक दिस जास्ती न्हाई. कुनाचं आपल्याव नगं आन आपलं कुनाव नगं."

जपान, म्हणजे पलीकडची वाडी

पासपोर्टचा घाट आणि विमानाचा प्रवास मी गाळते. एवढंच सांगते, की विमानात मला खिडकी मिळाली आणि मी वरून पाच देश ओळखले. तनुजा म्हणते ते सगळे ढग होते.

हारुकाची आजी फुमी. फोटोपेक्षा लहान, कमरेतला काटकोन तोच. तिनं भाताचे गोळे दिले, आत खारवलेलं आंबट फळ. मी माझ्या पिशवीतला ठेचा काढला. फुमी आजीनं तो बोटानं चाखला आणि डोळे मिटले. मग उठून शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून आणलं आणि त्यांनाही चाखवला. तिघी मिळून रडल्या आणि हसल्या. आमच्याकडच्या बाया वेगळं काय करतात?

घरात चपला काढायच्या, हे आपल्यासारखंच. पण संडासात जायला वेगळ्या चपला ठेवलेल्या असतात, त्या घालून मी जेवायला आले. अख्खं घर शिष्टाचारानं छताकडे बघत बसलं.

सकाळी साक्षी पदर खोचायच्या तयारीत, म्हणजे पँट दुमडून, खाचराच्या कडेला उभी राहिली, आणि तिचा चेहरा उतरला. खाली शेजाऱ्याचं यंत्र आलं होतं. एक माणूस वर बसलेला, यंत्र पुढं चाललं की मागं कितीतरी ओळी एकदम, सरळ, पट्टीनं आखल्यासारख्या. चहा निवायच्या आत खाचर संपलं. फुमी आजी यंदा गुडघ्यामुळे लावत नव्हती. खालची शेतं शेजारी यंत्रानं लावून देत होता.

"झालं की," तनुजा म्हणाली. "आता फिरायला मोकळ्या!"

साक्षी बांधावर बसली. "बाई, आता मी आयेला काय सांगू? अख्ख्या वाडीची सावड माझ्याव हाय. यंत्रानं फेडली म्हनून सांगू?"

आओकीबाईंनी शाळेत झाडलोट करायचं काम सुचवलं. बागेत फुलं लावायचं सुचवलं. साक्षी मान हलवत राहिली. तिला चिखल हवा होता.

तिनं डोंगराकडे वर बघितलं. खालची शेतं संपतात तिथून वर गवतच गवत. पण गवत पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत होतं.

"ते काय हाय?" तिनं विचारलं.

हारुकानं आजीला विचारलं. तीही खाचरंच. पण अरुंद, उभ्या चढावरची. यंत्र तिथं चढत नाही. शेजारणी धडधाकट होत्या तोवर हातानं लावायचे. काही गेल्या, काही थकल्या, गवत आलं.

साक्षी उभी राहिली. "यंत्र चढत न्हाई," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच दात दिसतील असं हसली. "मी चढते."

फुमी आजी नको नको म्हणत होती. कशाला, कोण बघणार, पुढच्या वर्षी पुन्हा गवतच. साक्षीनं तोवर गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली होती. मग आम्ही सगळे भिडलो. साक्षी, हारुका, मी, आणि कुरकुरत तनुजा. गवताची मुळं इतकी खोल की मी एक मूठ ओढली तर दुसऱ्या टोकाला कुणीतरी परत ओढत असल्यासारखं वाटलं. साक्षीनं फुटलेला बांध चिखलानं लिंपला, पायाच्या टाचेनं थापटला. शेजारी हातानं चालवायचं छोटं यंत्र वर घेऊन आला आणि चिखल करून दिला. वरच्या झऱ्याचं पाणी पाटानं वळवलं. ते पाणी बर्फाचं. पाय आत घातले आणि मी थेट निमगावपर्यंत बधिर झाले. यंत्रातून उरलेली रोपं कडेला पडलेली होती, ती आणली.

आणि साक्षी वाकली. डाव्या हातात मूठ, उजव्या हाताचं टिपटिप. खाली रस्त्यावर एक मोटार थांबली. मग दुसरी. म्हातारी माणसं उतरून बघत उभी राहिली. मी जुन्नरात वाहतूक थांबवली होती. माझ्या जिल्ह्याच्या लेकीनं जपानात थांबवली, आणि हातसुद्धा वर न करता!

तिसऱ्या दिवशी फुमी आजी काठी टेकत वर आली. बांधावर बसली, काठी बाजूला ठेवली, आणि बसल्या जागेवरून हात पोचेल तिथवर रोपं लावू लागली. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. दोघींचा हात मात्र एकाच लयीत पडत होता.

ठरलेले दिवस भरले. शेवटचा दिवस शहर बघायचा होता: उंच मनोरा, गरम पाण्याचं कुंड, सगळं. तनुजा गेली. साक्षी म्हणाली, "बाई, मी वर जाते. एक कोपरा ऱ्हायलाय."

"अगं, आईनं काय सांगितलंय? एक दिवस जास्ती नाही!"

"ध्यानात हाय," ती म्हणाली, आणि चालू लागली.

आता लिहून घ्या, कारण हे कुणाला सांगितलं तर पटत नाही: मी मनोरा सोडला. कुंडही सोडलं. तिच्या मागोमाग डोंगर चढले आणि दिवसभर कोपरा लावला.

शिनोली

परत आलो तेव्हा शिनोलीच्या फाट्यावर अर्धी वाडी उभी होती. हौसाबाई पुढं. पोरीला मिठी नाही, कशी आहेस नाही. पहिला प्रश्न, "फिटली का?"

साक्षीनं बॅग खाली ठेवली. "न्हाई."

फाट्यावरचा चहावाला ओतायचा थांबला. कोंडाजी मामांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"म्हंजी कमी पडली?"

"जास्त झाली. एक दिस जास्त लावला."

"म्या काय सांगितलं व्हतं?" हौसाबाईचा आवाज पार धरणाच्या भिंतीवर आदळून परत आला.

"ध्यानात व्हतं, आये. म्हनूनच लावला." साक्षीनं आईच्या डोळ्याला डोळा भिडवला. "फिटली असती तर संपली असती. आता त्येंच्याव हाय. आता म्हातारीला यावंच लागंल."

हौसाबाई बघतच राहिली. ज्या लेकीची मान जन्मभर खाली राहील अशी तिला धास्ती होती, ती लेक जपानला कामाची देणेकरी करून आली होती. मग ती हसली. मी त्या बाईला तोवर हसताना पाहिलं नव्हतं. चहावाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. आनंद इतका की मीसुद्धा बोलले नाही, आणि डॉक्टरला कुणी बोलावलं नाही.

हे सगळं माझ्यामुळं जमलं, हे वाडीत कुणी कबूल करणार नाही. मी आग्रह धरत नाही.

परवा मी पुन्हा वर जाऊन आले. आवणी आटोपली आहे. डोंगराच्या पायापासून ओढ्यापर्यंत सगळी खाचरं हिरवी. फक्त घराजवळचं एक, बांधावर बसून हात पोचेल असं, चिखल करून, पाणी धरून, रिकामं ठेवलेलं आहे. शेजारी रोपांच्या मुठी ओल्या पोत्याखाली झाकलेल्या.

"हे का हो राहिलं?" मी विचारलं.

"ते आमचं न्हाई," हौसाबाई म्हणाली. "आज्जीबाय रविवारी उतरतीया. तिनं लावायचं."

बांधावर एक गोणपाट घडी करून ठेवलं होतं, बसायला.